क्वायीटस, अर्थात् भरून पावलों

आमचे वडील बंधु, ज्यांना घरांत लहानथोर सर्वजण दादा म्हणत, निवर्तले त्यास आतां तीन महिने होत आले. घर मोठें, आप्तेष्ट पुष्कळ, आणि नोकरीनिमित्त जमलेला दादांचा स्नेहपरिवारही दांडगा. तेव्हां समाचाराला येणाऱ्यांची रीघ तेराव्यानंतरही कांहीं दिवस चालूच होती. ज्यांना येणें शक्य नव्हतें त्यांचे निरोप आले. तारा तर आपल्याकडे २०१३ सालींच बंद झाल्या. हल्लीं जोडलेल्या हातांचें एक चित्र मोबाइलवर धाडलें कीं समाचार झाला असें मानतात, आणि त्यांत मी दोष काढीत नाहीं. परंतु एक पत्र मात्र खरोखरीचें पत्र होतें: रेघांच्या कागदावर, शाईनें, वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहिलेलें. लिहिणारे गृहस्थ जिल्हा कोषागारांत दादांच्या शेजारच्या टेबलाशीं वीस वर्षें बसलेले. मजकूर अवघा चार ओळींचा. त्याचें तात्पर्य असें कीं, तुमच्या वडिलांस त्यांचें ‘क्वायीटस’ मिळालें; तें त्यांनीं फार पूर्वींच कमाविलें होतें.

हा शब्द घरांत कोणासच ठाऊक नव्हता. थोरल्या पुतण्यानें तो मोबाइलवर शोधला आणि त्याचा चेहरा उतरला. तेथें अर्थ दिले होते ते असे: मृत्यु, शेवट करून टाकणारा घाव, एखादी गोष्ट कायमची दाबून टाकणें.

“बाबांनीं घाव कमाविला होता म्हणजे काय, काका? हें समाचाराचें पत्र कीं शिवी?”

धाकटी सून इंग्रजी विषय घेऊन एम्. ए. झालेली. ती म्हणाली, “क्वायट म्हणजे शांत, त्याच घराण्यांतला हा शब्द दिसतो. शांति मिळाली, एवढेंच त्यांना म्हणावयाचें असेल.” वहिनी कांहींच बोलल्या नाहींत, पण तें पत्र त्यांनीं बाकीच्या पत्रांच्या गठ्ठ्यांत न ठेवतां निराळें ठेविलें. ह्या पत्रास उत्तर धाडूं नये, असें पुतण्याचें मत पडलें.

मी मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेला. पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों, आणि सारा जन्म तेंच शिकविण्यांत गेला. तथापि ह्या सदराचा लेखक म्हणून घरांत अशी एक समजूत रूढ झाली आहे कीं, कोणत्याही शब्दाचें कूळ मला सांगतां येतें. समजूत खरी नाहीं, पण त्या दिवशीं ती मोडवेना. मीं चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों. सुनेनें मूळ धातु बरोबर धरला होता, पण अर्थ चुकविला होता. पुतण्यानें अर्थ कोशांतलाच घेतला होता, पण कोश फार लवकर मिटला होता.

इंग्रजींत मरणाचे शब्द थोडे नाहींत, आणि त्यांतले बरेचसे कचेरींतून आलेले आहेत. ‘डिसीज’ म्हणजे निघून जाणें. ‘डिमाइज’ ह्या शब्दाचा तर मूळचा अर्थ मालमत्ता दुसऱ्याच्या हवालीं करणें असा असून भाडेपट्ट्यांच्या कागदांत तो त्याच अर्थानें येतो; राजा मेला कीं राज्य दुसऱ्याकडे जातें, म्हणून राजाच्या मरणास तो लागला आणि मग रयतेच्याही. ‘क्वायीटस’ त्याच जातीचा, परंतु अधिक दुर्मिळ. लॅटिनांत ‘क्विएतुस’ म्हणजे विसावलेला, स्वस्थ झालेला. मध्ययुगांतील लॅटिन कागदपत्रांत मात्र त्यास निराळाच अर्थ चिकटला: ज्याच्याकडे कांहीं येणें उरलें नाहीं असा, मोकळा. ‘क्विएतुस एस्त’ हें पूर्ण वाक्य आहे, आणि त्याचा अर्थ ‘तो मोकळा आहे’. इंग्रजांनीं पुढील क्रियापद गाळून विशेषणाचेंच नाम केलें आणि त्याचा उच्चार ‘क्वाय-ई-टस’ असा, मधल्या अक्षरावर जोर देऊन, करूं लागले.

हें वाक्य जेथें नित्य लिहिलें जाई ती जागा पाहण्यासारखी आहे. इंग्लंडांत नॉर्मन राजांच्या अमदानींत सरकारी जमाखर्चासाठीं ‘एक्स्चेकर’ नांवाची कचेरी उभी राहिली. तेथें एका लांबरुंद मेजावर रेघांनीं घरें पाडलेलें वस्त्र अंथरीत आणि त्या घरांतून सोंगट्या सरकवून पौंड, शिलिंग, पेन्स मोजीत. तें वस्त्र बुद्धिबळाच्या पटासारखें दिसे म्हणून पटाचें नांव कचेरीस मिळालें. बुद्धिबळाचें तें युरोपीय नांव फारशी ‘शाह’वरून निघालें आणि खेळ तर आपल्या चतुरंगाचा वंशज, म्हणजे इंग्लंडच्या खजिन्याच्या नांवांत आपलाही एक धागा आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रिचर्ड फिट्झनील नांवाच्या खजिनदारानें ह्या कचेरीच्या रीतीभातींवर एक ग्रंथ लिहिला. तो गुरुशिष्यसंवादरूप आहे हें वाचून मला घरच्यासारखें वाटलें.

दर परगण्याचा शेरिफ वर्षांतून दोनदां ह्या मेजापुढें येई. ईस्टरला कांहीं भरणा करावयाचा आणि सप्टेंबरअखेर मायकेलमसच्या सणाला पुरा हिशेब द्यावयाचा. हिशेब मेंढ्याच्या कातड्याच्या गुंडाळ्यांवर लिहीत. त्यांस ‘पाइप रोल’ म्हणतात. त्यांतील सर्वांत जुनी उपलब्ध गुंडाळी ११२९-३० सालची आहे, आणि दुसऱ्या हेन्रीच्या कारकीर्दीपासून थेट १८३२ पर्यंत ही मालिका बहुतेक अखंड चालली. एखाद्याकडे बाकी उरली तर ती पुढील वर्षाच्या गुंडाळींत उतरे, तेथून त्याच्या पुढील. माणूस मेला तरी बाकी मरत नसे, ती वारसाच्या नांवापुढें येई. आणि ज्या दिवशीं पै न् पै चुकती होई त्या दिवशीं लेखक त्या कलमाखालीं तीन शब्द लिही: ‘एत् क्विएतुस एस्त’, आणि तो मोकळा आहे.

ज्यांना लिहितां-वाचतां येत नसे त्यांच्यासाठीं लांकडी पट्ट्या असत. रकमेप्रमाणें पट्टीवर खांचा पाडीत आणि मग पट्टी उभी चिरून एक भाग देणाऱ्याजवळ, दुसरा घेणाऱ्याजवळ राही; दोन्ही भाग जुळले कीं हिशेब खरा. पुढें ही पद्धति बंद पडली, आणि १८३४ च्या ऑक्टोबरच्या १६ तारखेस लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्टींत त्या जुन्या पट्ट्या जाळावयास घेतल्या. आग वर चढली आणि पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची राखरांगोळी झाली. सातशें वर्षांच्या देण्याघेण्याचा धूर निघावयाचा म्हणजे एवढें व्हावयाचेंच.

असो. तर हा शब्द खजिन्यांतून मरणापर्यंत कसा पोहोंचला? तो प्रवास घडला तो मुख्यतः नाटककारांच्या हातून. ‘हॅम्लेट’ नाटकाची पहिली छापील प्रत १६०३ सालची. त्यांतील अतिप्रसिद्ध स्वगतांत राजपुत्र असा विचार करतो कीं, एका उघड्या सुऱ्यानें ज्याला आपलें क्वायीटस आपणच करून घेतां येतें त्यानें संसाराचीं ओझीं कां वाहावीं? पुढें ज्यांनीं ज्यांनीं हा शब्द वाचला त्यांना त्यांत सुराच दिसला. कोशांतला ‘घाव’ आला तो येथून. परंतु शेक्सपियरच्या डोळ्यांपुढें सुऱ्याच्या आधीं वही होती. त्याचा पुरावा त्याच्याच दुसऱ्या एका कवितेंत आहे. १६०९ सालीं त्याचीं सुनीतें छापलीं गेलीं, त्यांतील १२६ वें पाहावें. एका सुंदर तरुणास कवि बजावतो कीं, सृष्टिदेवता तुला जपून ठेवीत आहे खरी, पण तिलाही कोणापुढें तरी हिशेब द्यावयाचा आहे; तो तपासला जाणारच, आणि तिचें क्वायीटस म्हणजे तुला हवालीं करणें. येथें ‘ऑडिट’ आणि ‘क्वायीटस’ हे दोन्ही शब्द जवळजवळ आले आहेत, त्यामुळें शंकेस जागाच राहत नाहीं. गंमत अशी कीं सुनीतास चौदा ओळी हव्यात, ह्यास बाराच आहेत. आणि पहिल्या छापील प्रतींत शेवटच्या दोन ओळींच्या जागीं मुद्रकानें नुसते रिकामे कंस छापले आहेत. असें कां, ह्याविषयीं विद्वानांचे तर्क पुष्कळ आहेत. मला तर ते कोऱ्या सोडलेल्या बाकीच्या रकान्यासारखे दिसले.

आणि हा शब्द केवळ मरणाचाच नव्हता. जॉन वेब्स्टर ह्या नाटककाराचें ‘डचेस ऑफ माल्फी’ हें नाटक १६२३ सालीं छापलें गेलें. त्यांत एक विधवा राणी आपल्या कारभाऱ्याशीं गुप्तपणें लग्न लावते. कारभारी म्हटला म्हणजे मालकिणीला हिशेब देणें लागतो. तेव्हां ती थट्टेनें म्हणते कीं, तूं माझ्याकडे ऋणी म्हणून येऊं नयेस, यास्तव तुझें ‘क्विएतुस एस्त’ मी तुझ्या ओठांवरच सही करून देतें. पुढें दोघांचाही घात होतो, आणि मग त्या थट्टेंतला दुसरा अर्थ प्रेक्षकांस आठवतो. पण त्या क्षणीं तो लग्नघरचा शब्द आहे.

लग्नावरून शब्दाच्या माहेराकडे वळतों. लॅटिन ‘क्व’च्या जागीं संस्कृतांत पुष्कळदां ‘च’ येतो: लॅटिन ‘क्वात्तुओर’ तें आपलें ‘चत्वारः’, लॅटिन ‘क्वे’ तें आपलें ‘च’. ह्याच न्यायानें ‘क्विएस’, म्हणजे विसांवा, ह्या शब्दाशीं भाषाशास्त्रज्ञ आपल्या ‘चिर’ शब्दाचें नातें जोडतात. आपण चिरनिद्रा, चिरविश्रांति म्हणतों तेव्हां नकळत त्याच धातूला हात लावतों. इराणांत ह्याच धातूला आनंदाचा अर्थ आला. नक्श-ए-रुस्तम येथील शिलालेखांत दारयवहु सम्राट् देवाचे उपकार सांगतो: त्यानें पृथ्वी निर्मिली, आकाश निर्मिलें, मनुष्य निर्मिला, आणि मनुष्यासाठीं ‘शियाति’, म्हणजे सुख, निर्मिलें. त्याच घराण्यांतून फारशी ‘शाद’ म्हणजे आनंदित, त्यावरून ‘शादी’. आणि ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदित रहा’, ह्या आशीर्वादाचें घासून झालेलें रूप म्हणजे आपलें ‘शाबास’. पस्तीस वर्षें मी वर्गांत मुलांना शाबास म्हणत आलों. तो शब्द ह्या मरणाच्या शब्दाचा भाऊबंद असेल हें मला कोठून ठाऊक असणार!

इंग्रजींतही ह्याचे भाऊबंद पुष्कळ आहेत. क्वायट, क्विट, क्वाइट, अक्विट, इतकेंच नव्हे तर लाजाळू ह्या अर्थाचा ‘कॉय’सुद्धां त्याच घरचा. मृतासाठीं म्हणावयाच्या ख्रिस्ती प्रार्थनेस ‘रेक्विएम’ म्हणतात तें तिच्या पहिल्या लॅटिन शब्दावरून, आणि तो म्हणजे ‘विसांवा’. आपल्याकडील इनाम जमिनींवरील जुडीला इंग्रज अमलांत ‘क्विट-रेंट’ म्हणत. तेवढी भरली कीं बाकीच्या सरकारदेण्यांतून इनामदार मोकळा. आणि दर महिन्याच्या पगाराला ज्या पत्रकावर आम्ही मास्तरलोक तिकिटावर सही ठोकीत असूं तें ‘ॲक्विटन्स रोल’. म्हणजे पगार पावला, सरकार आमच्या देण्यांतून मोकळें झालें. कोषागारांतील मनुष्यास हा शब्द परका नसतो, ही गोष्ट येथें माझ्या ध्यानांत आली.

मग मीं मराठींत ह्यास जोड शोधूं लागलों. ‘सुटले बिचारे’ असें समाचाराला येणारीं माणसें म्हणतात. दादा आठ महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हां आम्हीही तें अनेकदां ऐकलें. पण सुटणें हें दुखण्यांतून, देण्यांतून नव्हे. ‘फारखती’ अर्थानें अगदीं जवळची. अरबी ‘फारिग’ म्हणजे मोकळा आणि ‘खत’ म्हणजे कागद. कर्ज फिटल्याचा कागद ती फारखती. पण त्या शब्दाचें नशीब निराळें निघालें: इंग्रजांची फारखती मरणाला लागली, आपली नवराबायकोच्या ताटातुटीला. ‘बेबाक’ हा शब्दही हिशेबाचाच, पण त्यांत माणूस दिसत नाहीं, नुसती रक्कम दिसते. संस्कृतांत ‘अनृण’ आहे आणि तो थोर शब्द आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडांत ऋणमुक्तीचीं सूक्तें आहेत. त्यांत ऋषि प्रार्थितो कीं ह्या लोकीं आणि परलोकींही आम्ही अनृण असावें. तैत्तिरीय संहितेंत तर ब्राह्मण देव, ऋषि आणि पितर ह्यांचें ऋण घेऊनच जन्मास येतो असें सांगितलें आहे. तथापि चार माणसांच्या तोंडीं अनृण शब्द नाहीं.

तोंडीं आहे तो ‘भरून पावलों’. कर्ज फिटल्यावर सावकार खताच्या पाठीवर हे दोन शब्द लिहून सही करतो, आणि तें खत ऋणकोला परत देतो. तोच प्रयोग आपण सुखाच्या भरानेंही करतों. नातवाची मुंज पाहून म्हातारा म्हणतो, भरून पावलों. ‘क्विएतुस एस्त’ ह्याचें ह्याहून चांगलें मराठी मला सुचत नाहीं. फरक एवढाच कीं तेथें ऋणको मोकळा झाल्याचें लिहितात, येथें धनको तृप्त झाल्याचें.

आणि ह्या फरकावरूनच मला हॅम्लेटची चूक दिसली. खताच्या पाठीवर ‘भरून पावलों’ हें ऋणकोला लिहितां येत नाहीं. शेरिफला आपलें क्वायीटस आपल्या हातानें लिहितां येत नसे. तें मेजाच्या पलीकडच्या बाजूनें यावें लागे. राजपुत्राला वाटलें तें सुऱ्यानें होईल. आपल्याकडे कर्जापायीं स्वतःच्या जिवाचें बरेंवाईट करून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या बातम्या ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांना हें फोड करून सांगावयास नको कीं, तें कर्ज घरांतल्या कोणाच्या नांवें चढतें. ह्या नाटकाचें मराठी रूप, ‘विकारविलसित’, गोपाळ गणेश आगरकरांनीं १८८३ सालीं प्रसिद्ध केलें. तेच आगरकर १८९५ सालीं, वयाचीं एकोणचाळीस वर्षेंही पुरीं झालेलीं नसतांना वारले, तेव्हां स्वतःच्या दहनापुरते पैसे त्यांनीं पुरचुंडींत निराळे बांधून ठेविले होते असें सांगतात. दुसऱ्यावर बोजा पडूं नये म्हणून मरणाच्या दारींही हिशेब करणारा मनुष्य तो.

आतां घरची गोष्ट सांगणें प्राप्त आहे.

आमचे वडील भिक्षुकी करीत. थोरल्या बहिणीचें लग्न ठरलें तेव्हां त्यांनीं गांवच्या एका आडत दुकानदाराकडून खत लिहून पैसे घेतले. १९७४ च्या चैत्रांत वडील गेले. तेरावें झालें, आणि दुसऱ्या दिवशीं तो दुकानदार ओसरीवर येऊन बसला. माणूस वाईट नव्हता. खत पुढें ठेवून खालीं मान घालून बसला होता. व्याजासुद्धां रक्कम ३,२०० रुपये झालेली. त्या वेळीं मी चौदा वर्षांचा होतों, दाराआड उभा होतों. आमच्या मामांना कायद्याचें ज्ञान होतें. ते दादांना म्हणाले, “पित्याचें ऋण पुत्रानें वारसानें आलेल्या मिळकतीपुरतेंच द्यावें, असा मुंबई इलाख्यांत १८६६ पासून कायदा आहे. तुला आलें आहे काय? भाड्याच्या दोन खोल्या, पळी-पंचपात्र आणि पोथ्या.”

मामांचें म्हणणें बरोबरच होतें. याज्ञवल्क्यस्मृति आणि तीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा पाहिली तर पुत्रपौत्रांनीं ऋण फेडावें असा दंडक आहे. मद्य, काम, द्यूत ह्यांपायीं केलेलें ऋण तेवढें वगळलेलें आहे. आमच्या वडिलांनीं जन्मांत विडासुद्धां उधार घेतला नसेल. परंतु १८६६ च्या कायद्यानें त्या दंडकास मिळकतीची मर्यादा घातली, आणि हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं झालेल्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांना तर केवळ धार्मिक कर्तव्य म्हणून पुत्रावर दावाच चालत नाहीं.

दादा तेव्हां सव्वीस वर्षांचे. कोषागारांत कारकुनीला लागून दोन वर्षें झालेलीं. ते मामांना म्हणाले, “ताईचें लग्न त्या पैशांतून झालें. ती सासरीं सुखानें नांदते आहे. मी देईन.” दुकानदारानें त्या दिवसापासून व्याज सोडलें. एवढें मीं दाराआडून ऐकलें. पुढें मी मॅट्रिक झालों, पाठशाळेंत गेलों. माझी फी, माझें जेवणखाण दादांच्याच पगारांतून होत होतें. तें कर्ज कधीं फिटलें, फिटलें कीं नाहीं, हें मीं त्यांना पन्नास वर्षांत एकदांही विचारलें नाहीं. प्रथम विचारण्याचें धाडस नव्हतें, आणि पुढें विचारण्याची लाज वाटूं लागली.

माझे चार दिवस संपले त्या दिवशीं पुतण्याला निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठीं दादांची पत्र्याची पेटी उघडावी लागली. तळाशीं सुतळीनें बांधलेला एक गठ्ठा होता: मनीऑर्डरींच्या पावत्या, प्रत्येकी २५ रुपयांची. आम्ही दोघांनीं त्या जमिनीवर मांडून मोजल्या. १२८ भरल्या. पहिली १९७४ च्या मे महिन्यांतली, शेवटची १९८४ च्या डिसेंबरांतली. मध्यें एकही महिना चुकलेला नाहीं. पुतण्याचा जन्म झाला तो महिनासुद्धां नाहीं.

पावत्यांखालीं तें खत होतें. पाठीवर तिकीट, तिकिटावर सही, आणि मोडी वळणाच्या अक्षरांत: भरून पावलों.

खताबरोबर एक लांब कागद घडी करून ठेवला होता. त्यावर दादांच्या हातचा पुरा हिशेब: तारीख, रक्कम, बाकी. दर ३१ मार्चला तांबडी रेघ, आणि रेघेखालीं दुसऱ्या कोणाच्या तरी हातानें ‘तपासलें, बरोबर’ असें लिहून खालीं इंग्रजी आद्याक्षरें. अशा दहा नोंदी, आणि डिसेंबर १९८४ च्या शून्य बाकीखालीं अकरावी. पुतण्या उठला आणि वहिनींनीं निराळें ठेवलेलें तें पत्र घेऊन आला. आद्याक्षरें तींच होतीं, वळणही तेंच. घरांत ज्याची कोणाला दाद नव्हती तें शेजारच्या टेबलावरच्या माणसानें अकरा वेळां तपासून पाहिलें होतें. दादांनीं त्यांना तें तपासावयास कां लाविलें असेल? कोषागारांतल्या मनुष्याला स्वतःच लिहिलेल्या हिशेबावर स्वतःचीच सही पुरी वाटत नाहीं, एवढेंच कारण मला दिसतें.

मीं वहिनींना एक्स्चेकर सांगितलें नाहीं, शेक्सपियरही सांगितला नाहीं. खताची पाठ त्यांच्यापुढें धरली आणि म्हटलें, पत्रांतल्या त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ हा. त्यांनीं तीं अक्षरें बोटानें चांचपलीं. म्हणाल्या, “पहिल्या सात वर्षांत माझ्या एका पाटल्या मोडाव्या लागल्या, त्या कशासाठीं हें मला तेव्हां सांगितलें असतें तर मीं दुसऱ्याही दिल्या असत्या.” मग बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

उत्तर मीं मराठींत लिहिलें. आपलें पत्र पोहोंचलें, त्यांतील शब्द समजण्यास आम्हांस उशीर लागला, तपासलेला हिशेब सांपडला आहे, एवढाच मजकूर. वहिनींनीं खालीं आपली सही केली. पाकिटावर पत्ता घालण्याचें काम पुतण्यानें मागून घेतलें आणि टपालांत टाकावयास तो स्वतःच गेला. तें इंग्रजी पत्र आतां पत्र्याच्या पेटींत, खताच्या वर ठेविलें आहे.